दहाव्या शेताची माती

शिवांजलीला तोंडी परीक्षेत नापास केलं नव्हतं. पासही केलं नव्हतं. विद्यापीठाच्या नियमांत या दोन्हींच्या मधली एक जागा आहे, तिथं तिला उभं केलं होतं.

परीक्षकांच्या अहवालाच्या शेवटी चार पर्याय असतात. पदवी द्यावी. किरकोळ दुरुस्त्या करून द्यावी. मोठ्या दुरुस्त्या करून प्रबंध पुन्हा त्याच परीक्षकांकडे पाठवावा. आणि चौथा, नामंजूर. शिवांजलीच्या अहवालात तिसऱ्यावर खूण होती. हा तिसरा पर्याय एकदाच मिळतो. दुसऱ्या खेपेला परीक्षकांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. तिच्या नोंदणीची मुदत आधीच दोनदा वाढवून झाली होती आणि आता ती मार्चअखेर संपत होती. जूनमध्ये कोरेगावच्या कॉलेजात भूगोलाच्या कायम जागेची मुलाखत होती. त्याच कॉलेजात ती आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. पदवी असेल तर त्या जागेसाठी तिच्यापुढं कुणी नव्हतं. पदवी नसेल तर जूनपासून तिचे तासही नव्या माणसाकडं जाणार होते.

प्रबंध वाळवा तालुक्यातल्या क्षारपड जमिनींवर होता. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून पाजून जमिनीतलं मीठ वर येतं, रान पांढरं पडतं, मग त्यात काही उगवत नाही. तालुकाभर हिंडून शिवांजलीने मातीचे नमुने स्वतः घेतले होते. फक्त एका गावचे सोडून. ते गाव तिचं माहेर. इस्लामपूरच्या पुढं, कृष्णाकाठी. त्या आठवड्यात कॉलेजच्या परीक्षांचं काम अंगावर आलं, तेव्हा वडील फोनवर म्हणाले, "पिशव्या अन् चिठ्ठ्या धाडून दे. मी भरून आणतो. तू कशाला येतीस उन्हाचं." वडील म्हणजे सुभेदार नाथाजी, सैन्यातून निवृत्त. दिलेलं काम त्यांनी कधी अर्धं सोडलेलं तिला माहीत नव्हतं. परक्या गावात तिने प्रत्येक पिशवी दोनदा तपासली होती. घरच्या माणसाची पिशवी कोण उघडून बघतं?

बाहेरून आलेल्या परीक्षक राजेश्वरी मॅडमनी उघडून बघितली. तोंडी परीक्षा सांगलीत, तिच्या मार्गदर्शकांच्या कॉलेजात झाली. ती खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. नाथाजी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी आई चंद्राबाई, आणि मांडीवर पेढ्यांचा पुडा घेतलेला धाकटा भाऊ शिवतेज. मॅडमनी चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गावची ही दहा शेतं. दहांचे आकडे जवळपास एकच आहेत. कृष्णाकाठी इतकं एकमत मी आजवर पाहिलेलं नाही. नमुने कुणी घेतले?"

"वडिलांनी आणून दिले," शिवांजली म्हणाली.

"मग ते तुम्ही घ्या. त्याच दहा शेतांतले, स्वतः उभं राहून. शेवटी गट क्रमांकांसह यादी द्या. बाकीचं काम चांगलं आहे, म्हणून ही संधी."

शेवटी टाळ्या वाजल्या, कारण शेवटी टाळ्या वाजतातच. शिवतेजने पेढे वाटले. गावात त्याच संध्याकाळी ती डॉक्टर झाली. तिने कुणाला काही सांगितलं नाही.

जानेवारीत ती गावी गेली तेव्हा उसाची तोड चालू होती. नाथाजी घराच्या पुढच्या सोप्यात बसून मोटरच्या स्टार्टरची वायर सोलत होते.

"आबा, त्या दहा पिशव्या कुठनं भरल्या?"

"शेतातनं."

"कुणाच्या?"

"ज्याच्या त्याच्या."

"आबा, दहाही पिशव्यांत एकाच शेताची माती आहे. मशीनला कळतं ते."

नाथाजींनी वायर खाली ठेवली. "आप्पासोच्या नदीकाठच्या मळीतली हाय. पाच कोसांत असली माती गावायची न्हाई. म्हणलं, पोरीच्या पुस्तकात चांगली माती जाऊ दे. आपल्या गावची."

तिला हसूही येईना आणि रडूही. प्रदर्शनात ठेवायला माणूस शेतातला सगळ्यांत लांब ऊस उपटून नेतो, तशी त्यांनी गावची सगळ्यांत चांगली माती तिच्या प्रबंधाला दिली होती.

"पण मला पांढरीच पाहिजे होती, आबा. प्रबंधच तिच्यावर आहे."

"मग मी दुसऱ्याच्या बांधावर जाऊन काय म्हणू? तुझं रान पांढरं पडलंय, चिमूटभर दे? माणूस जोड्यानं मारंल."

यात खोटं काही नव्हतं. त्या गावात कुणी कुणाच्या जमिनीला पांढरी म्हणत नाही. रान जरा झोपलंय, असं म्हणतात. झोपलेलं रान उठेल अशी आशा राहते. आणि रान पांढरं पडलं हे एकदा तोंडातून गेलं, की त्या घरात पोरगी द्यायला कुणी येत नाही. नाथाजींच्या स्वतःच्या खालच्या तुकड्यातली आतली सगळी जमीन झोपली होती. फक्त रस्त्याकडेच्या चार सऱ्यांत ऊस उभा होता. तोड आली तेव्हाही नाथाजींनी तेवढा तोडू दिला नव्हता. रस्त्यानं जाणाऱ्याला हिरवंगार शेत दिसे. शिवतेज तेहतीस वर्षांचा होता आणि त्याला मुलगी मिळत नव्हती.

शिवांजलीने नऊ शेतांचं काम पुरुषांकडून काढून बायकांकडं नेलं. तिचं लग्न होऊन ती साताऱ्याला राहत होती. नवरा जयराज सैन्यात, राजस्थानात. म्हणजे गावाला ती माहेरवाशीण होती, आणि माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने कुणी दारातून जाऊ देत नाही. ती प्रत्येक घरी गेली, चहा प्याली, आणि निघताना काकू ओटीला तांदूळ आणायला उठली की म्हणायची, "तांदूळ नको. माती दे. खालच्या रानातली."

आप्पासोंच्या बायकोने कपाळावर हात मारला. "आगं, ओटीत माती कोण घालतंय? लोक काय म्हणतील मला?"

"म्हणतील, डॉक्टरीण झाली आणि डोकं गेलं."

"ते तर आत्ताच म्हणत्यात," काकू म्हणाली, आणि चपला सरकवून पुढं निघाली. आप्पासोंची मळी सोन्यासारखी होती, पण त्यांचंही खाली एक झोपलेलं रान होतंच. तिथं गेल्यावर काकूचा आवाज आपोआप खाली आला. "खण बाई लवकर. ह्यांनी बघितलं तर म्हणतील, घरची इज्जत पिशवीत भरून दिलीस."

अशी दोन शनिवार-रविवारांत नऊ शेतं झाली. शिवांजलीने स्वतः उभं राहून, प्रत्येक शेतात पाच ठिकाणी खड्डे घेऊन, माती एकत्र कालवून पिशव्या भरल्या. सांगलीच्या प्रयोगशाळेतून आकडे आले. नऊ शेतांचे नऊ वेगळे. दुरुस्त्यांचा तक्ता तिने भरायला घेतला. परीक्षकांची सूचना, केलेली दुरुस्ती, पान क्रमांक. नऊ ओळी भरल्या. दहावी घरची होती.

"त्यात आपलं नाव येणार?" नाथाजींनी विचारलं.

"नाव नाही. गट नंबर येणार."

"मग नावच की. गट नंबर टाकला की मोबाइलवर सातबारा दिसतोय आता."

"पदवी मिळाल्यावर प्रबंध इंटरनेटवर चढतो, आबा. कोण बघतंय तिथं?"

"ज्याला पोरगी द्यायचीया, तो बघतोय."

वडूजकडची एक सोयरीक आली होती. मुलीचे वडील अर्जुना, कोरडवाहू शेतकरी. कधी पाऊस, कधी टँकर, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मुलगी द्यायची तर बारमाही पाण्याच्या गावात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते रविवारी बघायला येणार होते.

"सोमवारी घे माती," नाथाजी म्हणाले. "रविवार जाऊ दे. मग तुला पाहिजे तेवढी उकर."

तिने रविवार जाऊ दिला. पाहुणे आले, कांदेपोहे झाले, रस्त्यावर गाडी थांबवून त्यांनी शेत पाहिलं आणि हिरव्या पानांकडं बघून समाधानाने मान डोलावली. पाडव्यानंतर सुपारी फोडू म्हणाले. शिवतेज दिवसभर हसत होता. रात्री बहिणीला म्हणाला, "तायडे, तू डॉक्टर झाल्यावर पहिला पेशंट मी. लग्नाच्या आनंदानं मेलो तर जबाबदारी तुझी."

सोमवारी सकाळी ती पिशवी आणि खोरं घेऊन खालच्या रानात गेली. उसाच्या चार सऱ्या ओलांडल्या आणि थांबली.

पुढं सगळं पाणी होतं. बांधापासून बांधापर्यंत. पडीक, काही न पेरलेल्या रानात कुणी पाणी सोडत नाही. पलीकडच्या टोकाला नाथाजी फावड्यावर रेलून उभे होते.

"मोटर चालू ऱ्हायली चुकून," ते म्हणाले. इतक्या लांबूनही त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

ती बांधावर बसली. पाण्याखाली मीठ विरघळून खाली उतरत होतं. आता माती घेतली तर आकडा खोटा येणार. जमीन सुकायला महिना लागणार, आणि मार्च संपायला जेमतेम तेवढाच अवधी होता. माणसाने नोकरी सोडावी, घर सोडावं, असा राग तिला कधी आला नव्हता. आताही राग आला नाही. फक्त आपण कुठंच पोचणार नाही हे तिला दिसलं. आठ वर्षं, शंभरावर शेतं, आणि सगळं येऊन अडलं ते ज्या बांधावर ती लहानपणी शेळीमागं पळाली होती तिथं.

तिचे मार्गदर्शक लिमये सर सांगलीचे. सभ्य, सावध माणूस. फोनवर सगळं ऐकून ते म्हणाले, "दहावं शेत वगळा. लिहा की पीक उभं असल्याने नमुना घेता आला नाही."

"पीक उभं नव्हतं, सर."

"चार सऱ्या उभ्या होत्या म्हणालात ना? मग खोटं कसं?"

"मॅडमनी विचारलं तर?"

"विचारलं तर चौथा पर्याय," सर म्हणाले. "आणि नाही वगळलं, ओळ रिकामी राहिली, तरी चौथाच. तुम्ही ठरवा. माझी सही तक्ता पूर्ण असेल तरच होईल. नियम आहे तो."

त्यानंतर प्रत्येक रविवारी ती साताऱ्याहून एसटीने गावी येऊ लागली. बाकी काही करण्यासारखं नव्हतंच. पहिल्या रविवारी रानात चिखल होता. दुसऱ्या रविवारी पाय घोट्यापर्यंत रुतला. वर्गात ती मुलांना मान्सूनचे वारे शिकवायची आणि मनात एकच चालायचं, ऊन पडू दे. शेजारची माणसं उन्हाला शिव्या घालत होती. ती सकाळी उठून आभाळ कोरं आहे ना हे बघायची. तिसऱ्या रविवारी चिखल वरून तडकला होता, पण बोट घातलं की आत ओल लागे. कुठंकुठं पांढरट झाक दिसत होती.

नाथाजी तिच्यामागून येऊन उभे राहिले. तीन आठवडे ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

"रस्त्याकडंच्या सऱ्यांतली घे की," ते म्हणाले. "तिथं पाणी पोचलं न्हवतं. आपल्याच गटातली हाय. तू सोता उभी ऱ्हाऊन घे. ह्यात कुठं खोटं हाय, सांग मला."

गट तोच, हात तिचा, पिशवी तिची. तक्ता पूर्ण होणार होता, सर सही करणार होते, शिवतेजचं लग्न होणार होतं. तिने खोरं उचललं, उसात शिरली आणि पिशवी भरली. काळी, भुसभुशीत, चांगली माती. वर चिठ्ठीही लावली.

ती पिशवी साताऱ्याच्या खोलीत टेबलाखाली पडून राहिली. दर वेळी तिच्यावर नजर गेली की मॅडमचं कृष्णाकाठच्या एकमताचं वाक्य तिला आठवे. मुदतीच्या दोन दिवस आधी तिने कॉलेजात रजा सांगितली, काळ्या मातीची पिशवी टेबलाखालीच ठेवली आणि खोरं, रिकामी पिशवी घेऊन पहिली एसटी धरली. रान सुकलं नसेल तर सऱ्यांतलीच पुन्हा भरून न्यायची, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

इस्लामपूरहून वडापच्या जीपने ती गावाच्या फाट्यावर उतरली. शेताजवळ आली तर रस्त्यावर दोन माणसं उभी. एक नाथाजी. दुसरे अर्जुना. सुपारीची बोलणी करायला ते वडूजहून पहाटेच निघाले होते आणि आता त्यांना शेत आतून बघायचं होतं. नाथाजी त्यांना घराकडं वळवत होते.

"च्या घिऊ या आधी. शेत कुठं पळून चाललंय?"

"शेत पळत न्हाई, मीच पळतोय. गाडी गाठायची हाय मला," अर्जुना हसत म्हणाले. मग त्यांना शिवांजली दिसली. "आवं, ही तर तुमची डॉक्टरीण. खोरं घेऊन कुठं निघाली?"

नाथाजींनी तिच्याकडं पाहिलं. सोप्यातल्या फोटोत गणवेशात ताठ उभा असलेला तो माणूस तिने पहिल्यांदा काकुळतीला आलेला पाहिला.

ती थांबू शकली असती. पाहुणे जेवून दुपारी गेले असते. पण सांगलीची प्रयोगशाळा दुपारी नमुने घेणं बंद करते. आज पिशवी पोचली नाही तर उद्या आकडा नाही, आकडा नाही तर सही नाही.

"माती घ्यायला निघालेय," ती म्हणाली आणि उसात शिरली.

चार सऱ्या ओलांडल्या. पुढं सगळं पांढरं होतं. पाणी खाली गेलं होतं आणि उन्हाने ते पुन्हा वर ओढलं होतं, सोबत जमिनीतलं सगळं मीठ घेऊन. आधीपेक्षा जास्त. पाय ठेवला की वरचा पापुद्रा मोडत होता. तिने पहिला खड्डा घेतला. मागं उसाची पानं खसखसली. अर्जुना आत आले होते, त्यांच्यामागं नाथाजी.

अर्जुना बसले, चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि बाजूला थुंकले. मग धोतराला हात पुसत विचारलं, "किती वर्सं झाली?"

"पाच-सा," नाथाजी म्हणाले.

"आमच्यात पाणी न्हाई म्हणून रान उघडं. तुमच्यात पाणी हाय म्हणून." अर्जुना उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "असू दे. घरी जाऊन इचारतो अन् कळवतो."

कळवतो म्हणजे काय, ते तिघांनाही ठाऊक होतं. ते चहा न घेता गेले.

शिवांजलीने दुसरा खड्डा घेतला, तिसरा घेतला. डोळ्यांतलं पाणी मातीत पडलं तर आकड्यात मीठ वाढेल, असा वेडा विचार तिच्या मनात आला आणि तिने बाहीने तोंड पुसलं. पाचव्या खड्ड्याला पिशवीचं तोंड एका हातात धरून दुसऱ्या हाताने माती भरताना पिशवी दुमडत होती. नाथाजी आले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी पिशवी उघडी धरली.

"भर," ते म्हणाले.

सांगलीची एसटी निघून गेली होती. शिवतेजने दारात मोटरसायकल काढली. त्याला सगळं कळलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शिवांजली काही बोलणार तोच तो म्हणाला, "बस तायडे. टाइम न्हाई."

आष्ट्यापर्यंत त्याने गाडी जोरात हाणली. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागं गाडी अडली तेव्हा त्याने मान न वळवता विचारलं, "किती निघंल गं आपल्यात मीठ?"

"नऊ शेतांपेक्षा जास्त असेल."

"मग नंबर काढला म्हणायचा आबांनी." त्याचे खांदे एकदा हलले. तो हसला की काय, ते तिला मागून कळलं नाही. तिने पिशवी छातीशी घट्ट धरली.

प्रयोगशाळेच्या खिडकीवर माणूस शटर ओढत होता. शिवतेजने गाडी स्टँडवर न लावता तशीच आडवी सोडली आणि शटरखाली हात घातला. "पावनं, एकच पिशवी हाय. माझं लग्न हाय त्यात." माणूस चक्रावला आणि त्याने पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी लिमये सरांनी आकडा बघितला, तक्त्याची दहावी ओळ बोटाने वाचली आणि सही केली. मे महिन्यात राजेश्वरी मॅडमचा अहवाल आला. पहिल्या पर्यायावर खूण होती. खाली एक वाक्य होतं, "दहावा नमुना या प्रबंधातील सर्वांत महत्त्वाचा आहे."

तिने गावी फोन केला. नाथाजींनी ऐकून घेतलं. "चांगलं झालं," म्हणाले, आणि मग, "रस्त्याकडंचा ऊस तोडला आज."

"का?"

"कुणासाठी ठेवायचा आता?"

वडूजहून कुणी काही कळवलं नव्हतं.